फळीखालचं पाणी

बाहेर समुद्र आणि आत कोरडं, अशी बोट चित्रात असते. ज्याच्या घरात बोट आहे त्याला ठाऊक असतं की तिच्या तळाला थोडं पाणी असणारच. फळ्यांच्या सांध्यांतून झिरपलेलं, पंख्याच्या दांड्याभोवतून ठिबकलेलं, जाळ्यांतून निथळलेलं, पावसाचं, वितळलेल्या बर्फाचं. कुठूनही आलं तरी ते उतरत उतरत कण्याच्या दोन्ही अंगांना, सगळ्यांत खालच्या जागी जाऊन बसतं. मोठ्या जहाजांवर त्या जागेला बिल्ज म्हणतात. आमच्या घरात नुसतं ‘तळ’ म्हणत. मागच्या अंगाची एक फळी सुटी असे. ती उचलायची आणि खाली बघायचं.

तिथला वास एकदा घेतला की विसरता येत नाही. डिझेल, माशांचं रक्त, ओलं लाकूड, राळ आणि बरेच दिवस न हललेलं खारं पाणी. शिडांवर, डोलकाठीवर, क्षितिजावर माणसांनी पुष्कळ लिहिलं आहे. या फळीखालच्या जागेबद्दल फारसं कुणी लिहिलेलं नाही. पण बोटीवर जगणाऱ्यांचं सगळ्यांत जास्त लक्ष तिथंच असतं, आणि माझ्या मते समुद्रावरचं खरं शहाणपणही तिथंच शिकता येतं. ते शहाणपण धाडसाचं नाही. रोज एका अंधाऱ्या जागेत वाकून बघण्याचं आहे.

आमचं गाव देवगड तालुक्यातलं, खाडीच्या काठचं. आजोबांची लाकडी होडी मे महिन्यात वर काढली जायची आणि पावसाळाभर माडाच्या झावळांच्या खोपीत असायची. उन्हात सुकलेल्या फळ्या आकसतात आणि त्यांच्यामधले सांधे उघडतात. श्रावणात होडी उतरवण्याआधी आजोबा सांध्यांतला जुना कापूस खरवडून काढत, तेलात भिजवलेल्या कापसाची नवी वात बोथट पटाशीनं ठोकून बसवत आणि वरून राळेचा लेप देत. बाहेरून काजूच्या टरफलांचं तेल. ते हाताला लागलं की कातडी सोलून निघते, म्हणून आम्हा पोरांना त्या दिवशी होडीजवळ येऊ देत नसत.

कापूस ठोकण्यातही मर्यादा होती, आणि ती मला फार पुढं समजली. सुकलेल्या सांध्यात कापूस गच्च कोंबला, की पाण्यात गेल्यावर फुगणाऱ्या फळ्यांना सरायला जागा राहत नाही. मग त्या एकमेकींना रेटतात, खिळे सैल होतात, कधी फासळीच तडकते. म्हणून सांधा थोडा मोकळा ठेवायचा. नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात गेली की पहिले काही दिवस ती गळणार. लाकूड पाणी पिणार, फुगणार, आणि सांधा आपला आपण मिटणार. त्या दिवसांत गळती हा होडीचा दोष नसतो. ती पाण्याला सरावते आहे, एवढाच त्याचा अर्थ असतो.

पण सरावणारी होडी आणि बुडणारी होडी, दोन्ही आधी गळतातच. त्या दोघींमधला फरक ओळखण्यासाठी आजोबांनी एका फासळीवर चुन्याच्या रेघा मारल्या होत्या. पाणी उपसण्याचं काम माझं. तेलाचा रिकामा डबा त्यासाठी ठेवलेला असे. पण आधी रेघ बघायची आणि मगच डबा बुडवायचा, असा नियम होता. मी सकाळी येऊन ‘पाणी आहे’ असं सांगितलं की ते चिडत. म्हणत, “पाणी आसा काय ता माका सांगू नको. काल किती होता नि आज किती आसा, ता सांग.”

या एका वाक्यात तळ राखण्याची सगळी विद्या आली. नुसत्या पाण्याला काही अर्थ नाही. अर्थ आहे तो वाढीला. काल एक रेघ, आज एक रेघ, उद्या एक रेघ, तर होडी ठीक आहे, जाळी घ्या आणि निघा. काल अर्धी, आज एक, उद्या दीड, तर आभाळ कितीही निळं असू दे, होडी दोरीला राहणार. आणि पाणी हळूहळू कमी होत गेलं, तर लाकूड मिटलं. आजोबा शाळेत फार गेले नव्हते, पण दोन मोजमापांमधला फरक स्वतःच एक मोजमाप असतो, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे पाणी कुठलं ते ओळखणं. ते बोट बुडवून जिभेला लावत. गोडं लागलं तर पावसाचं किंवा बर्फाचं. उपसा आणि विसरा. खारट लागलं तर समुद्र आत येतो आहे आणि आता त्याची वाट शोधायची. ही चव लाकडी होडीच्या स्वच्छ तळातच घ्यावी. इंजिनाच्या बोटीत तळाला तेल असतं, तिथं डोळ्यांवर आणि नाकावर भागवावं लागतं. हिरवट, बुळबुळीत पाणी इंजिन थंड करणाऱ्या द्रवाचं असतं. कोमट खारं पाणी असेल तर इंजिनातून फिरणाऱ्या समुद्राच्या पाण्याचा पाइप किंवा त्याची पट्टी सुटलेली असते. बोट नांगरावर असतानाही पाणी चढतं, तर वाट तळाच्या भोकाशी किंवा झडपेशी. फक्त चालताना चढतं, तर पंख्याच्या दांड्याशी किंवा लाटांनी हलणाऱ्या सांध्याशी. शिडाची बोट एका अंगावर कलली की गळते आणि सरळ झाली की थांबते, तर दोष त्या अंगाच्या वरच्या फळीत. भरलेली गळते आणि रिकामी गळत नाही, तरी वरच्याच फळीत. बोट स्वतःहून काही लपवत नसते. पाणी केव्हा चढलं हे बघणारा मात्र कुणीतरी हवा.

पंख्याच्या दांड्याबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण नवख्या माणसाला तिथं नेहमी गोंधळ होतो. इंजिन आत, पंखा बाहेर, आणि दोघांना जोडणारा फिरता दांडा बोटीच्या तळातून आरपार गेलेला. म्हणजे बोटीला मुद्दाम पाडलेलं एक भोक. त्या भोकात दांड्याभोवती चरबी किंवा ग्रॅफाइट लावलेल्या दोरीचे वेढे असतात आणि ते एका कड्यानं आवळलेले असतात. जुन्या पद्धतीच्या या ग्लँडमधून बोट चालताना मिनिटाला दोन-तीन थेंब पडायला हवेत. तेच पाणी दांड्याला थंड ठेवतं. कोरडा ग्लँड बघून समाधान मानणाऱ्यानं दांड्यावर हात ठेवून बघावा, चटका बसेल. कडं जास्त आवळलं की दोरी जळते, दांड्यावर चर पडतात, आणि मग खरी गळती सुरू होते. इथंही काम तेच: थेंब बंद करायचे नाहीत, मोजायचे.

पुढं मी मालवाहू जहाजांच्या इंजिनखोलीत नोकरी केली. लोखंडी जहाजाला फळ्यांचे सांधे नसतात आणि कापूसही नसतो, पण तळाला पाणी असतंच. पाइपांचे जोड, पंपांचे ग्लँड, थंड नळ्यांवर जमणारं दव, सगळं ठिबकून बिल्जच्या खड्ड्यांत जमतं. मालाच्या खणांनाही असे खड्डे असतात, आणि तिथवर जाणाऱ्या उभ्या नळ्या डेकवर उघडतात. त्यांतून पट्टी किंवा सळई सोडायची, वर ओढायची आणि ती कुठवर भिजली ते वहीत लिहायचं. लाकडी जहाजांच्या काळात हे काम जहाजाच्या सुताराचं असे. लोखंडी सळई कोरडी पुसायची, तिला खडू फासायचा आणि पंपाच्या विहिरीत सोडायची. खडू जिथवर ओला झाला तिथवर पाणी. वादळात आणि लढाईतही सुतार खालून वर येऊन कप्तानाला तो आकडा सांगे, आणि पुढं काय करायचं हे त्यावरून ठरे.

आमच्या जहाजावर प्रत्येक खड्ड्यात तरंगणारा फ्लोट होता आणि पाणी चढलं की कंट्रोल रूममध्ये घंटा वाजे. मी नवा असताना सेकंड इंजिनिअर साब मला खाली घेऊन गेले. वॉच सुरू करताना घंटा गप्प आहे हे बघून समाधान मानायचं नाही, असं त्यांनी सांगितलं. खड्ड्याशी वाकायचं, फ्लोट हातानं उचलायचा आणि वर घंटा वाजली का ते ऐकायचं. गप्प घंटेचे अर्थ दोन असतात. पाणी नाही, हा एक. फ्लोट गाळात अडकला आहे किंवा तार तुटली आहे, हा दुसरा. दोन्ही वेळा शांतता सारखीच असते. ही गोष्ट मला तेव्हाही फार मोठी वाटली आणि आजही वाटते.

तेलकट पाणी समुद्रात तसंच सोडता येत नाही. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे ते तेल वेगळं करणाऱ्या विभाजकातून जावं लागतं आणि बाहेर जाणाऱ्या पाण्यात दहा लाख भागांत १५ भागांपेक्षा जास्त तेल असता कामा नये. किती उपसलं, कुठून, कधी, हे तेलाच्या नोंदवहीत लिहून सही करायची. बंदरात तपासनीस आधी ती वही मागतात. हा नियम समुद्राच्या भल्यासाठी झाला आहे, पण त्यानं इंजिनखोलीला मोजायची सवयही लावली. खड्डा रोज जास्त भरतो आहे हे वहीनं दाखवलं, म्हणून एखादा सडका पाइप वेळेवर सापडला, असं जहाजांवर अनेकदा होतं.

आता किनाऱ्यावर बऱ्याच बोटी फायबरच्या झाल्या आहेत आणि त्यांच्या तळाला बॅटरीवर चालणारा पंप असतो. पाणी ठरावीक उंचीवर आलं की फ्लोट उचलला जातो, पंप चालू होतो, पाणी बाहेर, पंप बंद. माणसाला वाकायला नको, डबा नको. ही सोय मला मोलाची वाटते. रात्री दमून आलेल्या खलाशाची झोप तिनं वाचवली आहे. पण पाणी काढणं आणि पाण्याकडे बघणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि पंप त्यांतलं पहिलंच करतो. पाणी कुणाला दिसायच्या आत तो ते बाहेर टाकतो. गळती दुप्पट झाली तर पंप दुप्पट वेळा चालतो, तळ मात्र कालच्यासारखाच दिसतो. तिप्पट झाली तरी तसाच. मग एके रात्री बॅटरी उतरते, किंवा जाळ्याचा धागा पंपाच्या तोंडाशी गुंडाळतो, आणि इतके दिवस नुसतं ठिबकणारं पाणी पहाटेपर्यंत इंजिनाच्या वर येतं. नांगरावर उभ्या बोटी वारा-वादळ नसताना बुडालेल्या सापडतात त्यामागं बऱ्याचदा असंच काही असतं.

यावरचा उपाय अगदी लहान आहे. पंपाच्या तारेवर एक मोजणी लावायची. पंप किती वेळा चालला ते ती दाखवते. रोज ठरलेल्या वेळी आकडा लिहायचा. फासळीवरच्या चुन्याच्या रेघेचं काम हीच मोजणी करू शकते. नव्या बोटी घेणारी मुलं मासे दाखवणाऱ्या यंत्रावर जेवढा खर्च करतात, त्याच्या अगदी थोड्या भागात हे होतं. ते सगळ्या बोटींवर व्हावं अशी माझी फार इच्छा आहे, आणि जिथं संधी मिळते तिथं मी हे बोलतो.

आकड्यांचं गांभीर्य कळावं म्हणून थोडा हिशेब देतो. पाण्याच्या पातळीखाली एका फुटावर एक इंच व्यासाचं भोक पडलं, तर मिनिटाला साधारण ४० लिटर पाणी आत येतं. तासाला जवळजवळ अडीच टन. तेच भोक चार फूट खाली असेल तर दुप्पट. व्यास दुप्पट असेल तर चौपट. हा नियम सतराव्या शतकात इटलीच्या तोरिचेल्लीनं मांडला. बोटीवरच्या लहान पंपांच्या खोक्यावर मोठाले आकडे छापलेले असतात, पण पाणी उंच चढवायचं असतं, पाइपाला वळणं असतात, बॅटरी अर्धी उतरलेली असते; प्रत्यक्षात त्याहून बरंच कमी पाणी बाहेर जातं. दुसऱ्या टोकाला सेकंदाला एक थेंब. तो दिवसभरात चार-साडेचार लिटर होतो, म्हणजे अर्धी बादलीही नाही. थेंबाचं भोक व्हायला बहुधा आठवडे लागतात, कधी महिने. तेवढी मुदत समुद्र माणसाला देतो. ती वापरायची तर थेंबाच्या काळातच बघावं लागतं.

आणि तळात साचलेलं पाणी नुसतं वजन वाढवून थांबत नाही. बोट एका बाजूला कलली की तेही त्याच बाजूला धावतं आणि तिला आणखी कलवतं. जिथं बोटीनं उठायचं, तिथं ते तिला खाली धरून ठेवतं. पाण्याचा पसरट पृष्ठभाग रुंदीला दुप्पट झाला की हा परिणाम आठपट होतो. म्हणून रुंद, सपाट तळाच्या बोटीत घोट्याइतकं पाणीही भीतीचं. फासळ्यांच्या बुडाशी पाणी वाहायला भोकं ठेवलेली असतात, ती खवल्यांनी आणि नायलॉनच्या तुकड्यांनी बुजली की पंपाकडे पाणी पोचतच नाही. पुढचा भाग भरलेला आणि मागं पंप कोरडा. जुन्या जहाजांवर या भोकांतून एक साखळीच ओवून ठेवत. अधूनमधून ती मागंपुढं ओढली की वाट मोकळी.

अबुल फजलनं ‘आईन-ए-अकबरी’त मोठ्या जहाजांवरच्या माणसांचे बारा वर्ग दिले आहेत. नाखुदा, मुअल्लिम, तांडेल, सारंग, भंडारी, सुकाणू धरणारा, डोलकाठीवर चढून टेहळणी करणारा असे एकेक. त्यांत दहाव्या जागी एक माणूस येतो, ज्याचं काम जहाजात झिरपलेलं पाणी बाहेर फेकणं एवढंच. सम्राटाच्या साम्राज्याचा हिशेब मांडणाऱ्या ग्रंथात या माणसाला स्वतंत्र जागा मिळाली, याचा मला मनापासून आनंद होतो. सुरतेहून हजची जहाजं निघत तेव्हा वर शेकडो यात्रेकरू असत आणि खाली अंधारात तो. या पाणी उपसणाऱ्यांतल्या कुणाचंही नाव आपल्यापर्यंत आलेलं नाही, पण त्यांच्या हातांवर किती माणसं मक्केपर्यंत जाऊन परत आली असतील.

आता ज्या बोटीकडे मला यायचं होतं तिच्याकडे येतो. तिचं नाव सुहैली. ३२ फुटांची, दोन डोलकाठ्यांची, सागवानी, आणि मुंबईत बांधलेली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन तेव्हा ब्रिटिश व्यापारी जहाजांवर अधिकारी होते आणि मुंबईत राहत होते; ती त्यांनी बांधवून घेतली. नकाशे परदेशातून मागवलेले, पण हात इथल्या सुतारांचे. वाकसानं लाकूड तासत, दोरीनं फिरवायच्या सामत्यानं भोकं पाडत त्यांनी ती उभी केली. ती १९६४ साली पाण्यात उतरली. मुंबई-सुरतेच्या सुतारांची ही जुनी परंपरा. अठराव्या शतकात सुरतेला आलेल्या युरोपीय प्रवाशांनी लिहून ठेवलं आहे की इथले कारागीर फळीला फळी नुसती टेकवत नाहीत, एकीची कड दुसरीच्या खाचेत बसवतात.

१४ जून १९६८ रोजी नॉक्स-जॉन्स्टन एकटेच सुहैली घेऊन इंग्लंडच्या फालमथहून निघाले. कुठेही न थांबता, कुणाचीही मदत न घेता पृथ्वीप्रदक्षिणा करायची होती. तोवर ते कुणीही केलेलं नव्हतं. याच ध्येयानं लावलेल्या शर्यतीत एकूण नऊ जण उतरले होते. अटलांटिकमध्ये, केप व्हर्द बेटांच्या परिसरात, त्यांच्या लक्षात आलं की तळातून उपसायचं पाणी वाढलं आहे. हवा चांगली होती, बोट छान चालली होती, दुसरी कसलीही खूण नव्हती. फक्त पंपावरचं काम वाढलं होतं. एकटा माणूस, पुढं दक्षिण महासागर. त्यांनी बोट थांबवली आणि ते पाण्यात उतरले.

डोलकाठीच्या खाली, कण्याला पहिली फळी जिथं मिळते तो सांधा उघडला होता, तोही दोन्ही बाजूंना. तो लाटांबरोबर हलत होता. आधी त्यांनी आजोबांसारखाच कापूस ठोकून पाहिला. पण पाण्याखाली एका श्वासात जेवढा कापूस बसवावा तेवढा दुसरा श्वास घेऊन येईपर्यंत निघून येई. मग वर येऊन त्यांनी कॅनव्हासच्या लांब पट्टीवर कापसाची वात शिवली, डांबर लावलं, तांब्याच्या चुका टोचून ठेवल्या आणि ती पट्टीच सांध्यावर ठोकायला घेतली. गोरं अंग शार्कला दिसू नये म्हणून गडद कपडे घातले होते. मधे वर आले असताना खरंच एक शार्क बोटीभोवती फिरताना दिसला. त्यांनी वाट पाहिली, तो जाईना तेव्हा बंदुकीनं मारला, रक्ताच्या वासानं आणखी कुणी येतं का ते बघितलं, आणि पुन्हा पाण्यात उतरले. कॅनव्हासवर तांब्याची पट्टी बसवली. मग दुसरी बाजू.

२२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, सुहैली फालमथला परतली. नवांपैकी पोचलेली ती एकटीच. लोक या प्रवासाबद्दल बोलताना केप हॉर्नच्या लाटांबद्दल बोलतात. मला त्या पाण्याखालच्या दुपारी जास्त मोठ्या वाटतात, आणि त्याहूनही मोठं वाटतं ते त्याआधीचं रोजचं बघणं, ज्यामुळे दोष बोट अजून शांत समुद्रात असतानाच सापडला. हीच गळती पुढं दक्षिण महासागरात लक्षात आली असती तर पाण्यात उतरणं शक्यच नव्हतं.

त्याच शर्यतीत डोनाल्ड क्रोहर्स्ट होते. त्यांची तीन तळांची बोट घाईत पुरी झाली आणि ते ३१ ऑक्टोबर १९६८ ला, निघायच्या शेवटच्या मुदतीच्या दिवशी, निघाले. झाकणांतून बाजूच्या तळांत पाणी शिरू लागलं. ते उपसायचा पंप होता, पण त्याचा पाइप घाईत किनाऱ्यावरच राहिला होता. बादलीनं उपसावं लागे, आणि त्यासाठी झाकण उघडावं लागे, ज्यातून लाट आत येई. नोव्हेंबरात त्यांनी वहीत आपल्या बोटीचे सगळे दोष एकेक करून स्पष्ट लिहिले. अशा बोटीनं दक्षिण महासागरात जाणं म्हणजे मरण, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. पण परत फिरलं तर कर्ज आणि मानहानी. मग ते अटलांटिकमध्येच फिरत राहिले आणि रेडिओवरून खोटी ठिकाणं कळवत राहिले. १० जुलै १९६९ रोजी बोट सापडली तेव्हा तिच्यात कुणी नव्हतं. वह्या मात्र होत्या. नॉक्स-जॉन्स्टन यांनी बक्षिसाचे पाच हजार पौंड क्रोहर्स्ट यांच्या कुटुंबाला दिले.

क्रोहर्स्ट यांना मी दोष देऊ शकत नाही. त्यांनी आपल्या बोटीचा तळ नीट पाहिला होता आणि प्रामाणिकपणे लिहिला होता. नोव्हेंबरातलं ते लिखाण वाचणारं कुणी त्यांच्या शेजारी असतं, आणि त्यानं खांद्यावर हात ठेवून चला घरी म्हटलं असतं, तर तो माणूस वाचला असता असं मला वाटतं. बघणाऱ्यानं सांगितलेलं ऐकणारा किनाऱ्यावर कुणीतरी लागतो. आजोबांची चिडचिड मला आता त्या अर्थानं आठवते. मी सांगतो ते ऐकायला ते रोज सकाळी काठावर उभे असत.

कधी कधी बघूनही उपयोग होत नाही, हेही सांगितलं पाहिजे. सुहैलीच्या प्रवासाच्या आठवणीत पुन्हा सुरू झालेल्या शर्यतीत, १८ नोव्हेंबर २०२२ रोजी, फिनलंडचे अनुभवी नाविक तापिओ लेहतिनेन झोपेतून उठले तेव्हा त्यांची बोट मागच्या अंगानं भरली होती. सुमारे वीस मिनिटांत ती बुडाली. त्याच शर्यतीतल्या कर्स्टन नॉयशेफर आपली वाट वळवून त्यांच्यापर्यंत पोचल्या आणि तराफ्यातून त्यांना उचलून दर्या गायत्री नावाच्या मालवाहू जहाजावर सोपवलं. वीस मिनिटांत कसली रेघ आणि कसली वही. त्यासाठी तराफाच लागतो.

गोव्यात दिवाडी बेटावर अलीकडे बांधलेलं कौंडिण्य हे जहाज मला या सगळ्याच्या संदर्भात फार महत्त्वाचं वाटतं. अजिंठ्याच्या चित्रातल्या पाचव्या शतकातल्या जहाजावरून ते केलं आहे. खिळे नाहीत, केरळच्या बाबू शंकरन यांच्या हाताखालच्या कारागिरांनी फळ्या काथ्याच्या दोरीनं शिवल्या आणि सांधे नारळाचा काथ्या, राळ आणि तेल यांनी भरले. मे २०२५ मध्ये कारवारला ते नौदलात आलं, २९ डिसेंबर २०२५ ला पोरबंदरहून मस्कतला निघालं आणि जानेवारीत पोचलं. शिवलेली बोट लाटेबरोबर वाकते, हे तिचं बळ. पण हजारो टाके म्हणजे हजारो जागा, जिथून पाणी वाट शोधू शकतं. अशा जहाजावर तळ बघणं हे एखाद्याच्या पाळीचं काम राहत नाही, साऱ्या खलाशांचं होतं. आपल्या नौदलातल्या खलाशांना ते पुन्हा करावं लागलं, याचं मला समाधान आहे.

माझा पुतण्या गावी फायबरची बोट चालवतो. गेल्या वर्षी मी त्याच्या पंपाला मोजणी लावून दिली. रोज रात्री तो मला आकडा पाठवतो. बरेच आठवडे आकडा तोच होता. गेल्या पंधरवड्यात तो चढू लागला. त्यानं ग्लँड आवळला, दोरी नवी घातली. आकडा उतरला नाही. मी विचारलं, बोट नांगरावर असतानाही पंप चालतो का? तो म्हणाला, चालतो. पाणी हिरवट आहे? “नाही, काका.” इंजिनाला पाणी घेणाऱ्या झडपेच्या बुडाशी बघ म्हटलं, तर तिथं पितळ गुलाबी पडलं आहे, नखानं उकरलं की भुगा येतो. म्हणजे त्यातलं जस्त समुद्रानं खाल्लं आणि नुसता तांब्याचा सांगाडा उरला. ती झडप आता एका धक्क्याची धनी.

मी त्याला सांगितलं, तोवर भोकाच्या मापाची लाकडी खुंटी करून झडपेलाच बांधून ठेव, आणि खोल पाण्यात जाऊ नको. पौर्णिमेच्या उधाणाला बोट वर चढवू. ओहोटीला ती कुशीवर बसली की सहा तास मिळतील. तेवढ्यात जुनी झडप काढून नवी बसते. झडप उजव्या अंगाला आहे, तेव्हा डाव्या कुशीवर बसेल अशी आधीच दोरीनं ओढून धर.